हाकेला ‘ओ’ द्यायची की नाही : निस्सीम इझिकेलच्या प्रार्थना मराठीतून वाचताना

निस्सीम इझिकेलच्या ‘द इगोइस्ट्स प्रेअर्स’ या मालिकेत एक छोटी प्रार्थना आहे. त्यात एक माणूस देवाकडे चक्क सूट मागतो. आपल्या लायकीबद्दल त्याला शंका नाही, अडचण आहे ती सवडीची. इतके हौशी उमेदवार रांगेत उभे असताना देवानं नेमकं आपल्यालाच का धरावं, अशी त्याची तक्रार आहे. शेवटी तो नरमतो, पण तेही अट घालून. मालिका 1976च्या ‘हिम्न्स इन डार्कनेस’ या संग्रहात आहे. तिथून ती इंग्रजीच्या अभ्यासक्रमात गेली, आणि अभ्यासक्रमात गेल्यावर तिच्या कपाळावर एकच लेबल चिकटलं : उपरोध. गाइडं उघडा, नोट्सच्या पीडीएफ उघडा, सगळीकडे तेच. आधुनिक, नागर, शंकेखोर कवी प्रार्थनेची टिंगल करतो.

मला हे वाचन अर्धवट वाटतं. ती टिंगल आहेच, पण तिच्या तळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. देवानं आपल्याला हाक मारली आहे याबद्दल या माणसाच्या मनात अजिबात शंका नाही. हाक खरी की भास, देव आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न एवढाच की ‘ओ’ द्यायची की नाही. शंकेखोर माणूस असा बोलत नाही. असं बोलतो तो ज्याचा फोन वाजतोय, स्क्रीनवर नाव दिसतंय आणि उचलावा की नाही ते ठरत नाहीये.

इझिकेल (1924–2004) मुंबईचा, बेने इस्रायल समाजातला. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई स्वतःची शाळा चालवणारी. तरुणपणी तो मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात वावरला. मराठी वाचकासाठी खूण सांगायची तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या रॉयवादी गोतावळ्यातले, त्यातच. 1948 ते 1952 लंडनला, 1952 मध्ये पहिला संग्रह ‘अ टाइम टु चेंज’, पुढे मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभागाचा प्रमुख, 1983 मध्ये ‘लॅटर-डे साम्स’साठी साहित्य अकादमी पुरस्कार. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. वृंदा नाबर यांच्यासोबत त्यानं इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला, तो 1974 मध्ये पुस्तकरूपानं आला. मराठीनं मात्र त्याला ‘इंग्रजीत लिहिणारा’ म्हणून इंग्रजी विभागाच्या स्वाधीन केलं आणि विषय संपवला. माझ्या मते त्याच्या प्रार्थना नीट ऐकू येण्यासाठी लागणारा कान इंग्रजीपेक्षा मराठीकडे जास्त आहे. कसा, ते सांगतो.

आपल्याकडे देवाला हाक मारतात. भक्त मारतो, देव ऐकतो किंवा ऐकत नाही. नामस्मरण, धावा, आळवणी, काकडा, पालखीपुढचा गजर, सगळीकडे आवाज खालून वर जातो. मी कंधारचा. आमच्या गावात किल्ला आहे, मन्याड नदी आहे, हाजी सय्याहचा दर्गा आहे, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या भोंग्यातून कुणीतरी देवाला किंवा देवासाठी हाक देत असतं. देव आपल्याला हाक मारतोय असं मात्र आमच्याकडे फारसं कुणी म्हणत नाही. म्हणालाच, तर लोक त्याला अंगात आलं म्हणतात आणि थोडं लांब उभे राहतात.

ज्यू परंपरेत हा बाण उलटा आहे. हाक वरून येते आणि माणूस उत्तर देतो. त्यासाठी हिब्रूत एक शब्द आहे, ‘हिनेनी’. त्याचा अर्थ ‘हा मी इथे’ असा काहीतरी लावतात. अब्राहाम हेच म्हणतो, जळत्या झुडपापुढे मोशे हेच म्हणतो. मराठीत याला पुस्तकी अनुवादाची गरज नाही, आपल्याकडे ‘ओ’ आहे. आई अंगणातून नाव घेऊन ओरडते आणि मूल आतून ‘ओ’ म्हणतं. त्या ‘ओ’त अजून काहीच कबूल केलेलं नसतं. पाणी आणायचंय, दळण आणायचंय की मार खायचाय, माहीत नसतं. मी आहे आणि मला ऐकू आलंय, एवढंच. ‘हिनेनी’ एवढंच आहे.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट मला यात सगळ्यात आवडते. पोरगा मंदिरात झोपलाय. रात्री हाक येते. त्याला वाटतं म्हातारे एली गुरुजी बोलावतायत, तो पळत जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा होतं, आणि तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की हाक कुणाची आहे. या गोष्टीत देवाचा आवाज मेघगर्जनेसारखा नाही. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखा आहे, इतका की पोराची तीनदा गफलत होते. आमच्या धंद्यात ऑन-कॉल नावाची ड्यूटी असते. आठवडाभर रात्री-बेरात्री सर्व्हर पडला की फोन किंचाळतो, आणि अर्धवट झोपेत पहिला विचार एकच येतो : हे माझ्यासाठी आहे की दुसऱ्या टीमसाठी? मग ‘अ‍ॅकनॉलेज’चं बटण दाबायचं. ते दाबलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. कुणीतरी जागं आहे, एवढंच सिस्टिमला कळतं. शमुवेलाची गोष्ट ऑन-कॉल इंजिनिअरला समजावून सांगावी लागत नाही.

आता हे सगळं पॅलेस्टाइनच्या वाळवंटातून कोकणात कसं आलं ते बघू, कारण इझिकेलचा आवाज तिथून येतो. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ समुद्रात गेले. पिढ्यानुपिढ्या ही माणसं कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत राहिली, मराठी बोलू लागली, गावांवरून आडनावं घेऊ लागली : केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, चेऊलकर. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे डेव्हिड राहबी नावाचा परका ज्यू आला. हे ज्यूच आहेत का ते बघायला त्यानं बायकांपुढे मासळी ठेवली, आणि बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे बाजूला काढले, अशी कथा आहे. ग्रंथ नाही, गुरू नाही, हिब्रू येत नाही. उरलेलं काय? सुंता, शनिवार, काही सण-उपास, मासे निवडायची सवय आणि एक प्रार्थना. त्या प्रार्थनेचा पहिला शब्द ‘शमा’, म्हणजे ‘ऐक’.

हा शब्द देवाला उद्देशून नाही हे लक्षात घ्या. देव माझं ऐक, असं त्यात म्हटलेलं नाही. माणसानं माणसाला, स्वतःला, आपल्या जमातीला सांगितलंय, ऐक. ज्यू माणूस हा शब्द उच्चारताना हातानं डोळे झाकतो. सकाळी, संध्याकाळी, झोपताना. बेने इस्रायलांना दुसरं काही आठवत नव्हतं तेव्हा ते लग्नात, सुंतेत, मयतीत, सगळीकडे हीच प्रार्थना म्हणत. पंधरा-वीस पिढ्या एका समाजाकडे धर्म म्हणून एक ‘ऐक’ आणि एक बंद घाणा शिल्लक होता, आणि तेवढ्यावर त्यांनी तो धरून ठेवला.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना घाणा माहीत आहे, करडईचा. आणि शनिवार-तेल हे नातंही माहीत आहे, पण वेगळं. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं, घरात तेल विकत आणायचं नाही, कुठे शनीला घालायचं. एकाच वारी, एकाच पदार्थाशी एकाच भाषेतल्या दोन समाजांचं इतकं निराळं नातं असावं, याची मला गंमत वाटते. याहून मोठी गंमत जनाबाईपाशी आहे. आपल्या परंपरेत रोजच्या कामात देव येतो तेव्हा तो कामाला हात लावतो, जनीबरोबर जातं ओढतो, शेण्या वेचतो. कोकणातल्या तेल्याचा देव घाण्याला हात लावत नाही. तो आठवड्यातून एकदा घाणा थांबवायला सांगतो. जनीचा देव आवाजात येतो, ओवीत, जात्याच्या घरघरीत. तेल्याचा देव घरघर थांबल्यावर जी शांतता होते तिच्यात. माझ्यासारख्याला, ज्याच्या खिशातलं यंत्र शनिवार-रविवार ओळखत नाही, हा दुसरा देव सध्या जास्त परवडेल असं वाटतं. पण तो विषय वेगळा.

बेने इस्रायलांचा लाडका संदेष्टा एलिया. घराघरांत त्याचं रथातलं चित्र असतं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, ‘एलियाहू हानबीचा टापा’. तिथून त्याचा रथ आकाशात गेला असं मानतात. त्याच्या नावानं नवस बोलतात आणि फेडताना मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, सुका मेवा, बाजूला फळं. मलिदा हा शब्द आम्हाला दर्ग्यावरून माहीत, पोळी कुस्करून गूळ घातलेला. (राजकारणात जो मलिदा खातात तो तिसरा, त्याची पाककृती कुणी सांगत नाही.) बायबलमध्ये याच एलियाची एक गोष्ट आहे. तो पळून डोंगरावर गेलाय. वारा सुटतो, भूकंप होतो, आग लागते, आणि या तिन्हीत देव नसतो. मग एक अगदी बारीक, जवळजवळ शांततेसारखा आवाज येतो. मंदिर बुडालं, ग्रंथ बुडाले, अशा समाजानं नेमका हाच संदेष्टा जिवाशी धरावा यात मला एक तर्क दिसतो. ज्यांच्याकडे मोठा आवाज राहिला नव्हता त्यांना बारीक आवाजाचा माणूस जवळचा वाटला असणार. हा माझा अंदाज आहे, इतिहास नाही.

हे बारीक ऐकणं पुढे एकोणिसाव्या शतकात पुन्हा मराठीतच मोठं झालं. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यानं मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दलचा नवस म्हणून, असं सांगतात. समाज सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणे. 1846 मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह हगादा छापला गेला, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी बसून वाचायचं पुस्तक. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. शतकाच्या अखेरीला तर बेने इस्रायल मंडळींनी कीर्तन सुरू केलं, हरदासी घाटाचं, साक्या-दिंड्यांसकट, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. म्हणजे हिनेनीची गोष्ट आपल्याच चालीवर, आपल्याच भाषेत, मुंबईत रंगत होती. मराठी साहित्याच्या किती इतिहासांत हे सापडतं, ते तुम्हीच बघा.

या पार्श्वभूमीवर ती छोटी प्रार्थना परत वाचा. देवानं निवडलं आणि माणूस नको म्हणतोय, ही इझिकेलची आधुनिक आयडिया नाहीच. मोशेनं झुडपापुढे हेच केलं. माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असा त्याचा सूर होता. योनाला निनवेला जा म्हटलं, तर तो उलट्या दिशेचं जहाज पकडून पसार झाला. टाळाटाळ हा या परंपरेत भक्तीचाच एक जुना प्रकार आहे. इझिकेलच्या माणसानं त्यात भर घातली ती मुंबईच्या मध्यमवर्गाची. देवाशी तो सौद्याच्या भाषेत बोलतो, ऐपतीची गोष्ट काढतो, घासाघीस करतो. पण मांडणी मोशेचीच आहे, फक्त त्याची जीभ जड नाही, फार चुरूचुरू चालते.

‘पण देवाशी भांडण तर आपल्याकडेही आहे’ असं तुम्ही म्हणाल. आहेच. नामदेव रुसतो, जनी विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा तर त्याचं दिवाळं काढतात. म्हणूनच मी म्हटलं की इझिकेल ऐकायला मराठी कान बरा. देवाला तू म्हणणारा, त्याच्याशी व्यवहाराच्या भाषेत बोलणारा आवाज इंग्रजी वाचकाला धक्कादायक किंवा विनोदी वाटतो. आपल्याला तो ओळखीचा वाटतो. आणि ओळखीचा वाटल्यामुळेच त्यातला फरक टोचतो. आपले संत भांडतात कारण देव येत नाही. इझिकेल भांडतो कारण तो येतो. तुकोबांची तक्रार अनुपस्थितीबद्दल आहे, इझिकेलची उपस्थितीबद्दल. एक म्हणतो इतकं बोलावलं तरी का येत नाहीस, दुसरा म्हणतो आलास ते आलास, आता जरा कमी माग. मराठी कवितेत विरह इतका संपन्न आहे की हा दुसरा प्रकार, म्हणजे देवाच्या जवळ असण्यानं आलेला वैताग, आपण जवळजवळ लिहिलेलाच नाही. इंग्रजी वाचकाला हा फरक दिसणारही नाही, कारण त्याच्याकडे तुलनेला तुकोबा नाहीत.

त्याच मालिकेत आणखी एक प्रार्थना आहे, पासपोर्टची. देवानं आपला पासपोर्टच जप्त करावा अशी मागणी हा माणूस करतो, परदेशी जायचंच नाही म्हणतो, आपलं गाणं आपल्या जागीच सापडू दे म्हणतो. इंजिनिअरिंगच्या माझ्या बॅचमध्ये ही कविता ऐकवली तर लोक कवीला डॉक्टरकडे नेतील. पण हा विनोद 1976चा बेने इस्रायल माणूस करतोय हे विसरू नका. 1950च्या सुमारास भारतात हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. 1948 मध्ये इस्रायल झालं आणि बहुतेक माणसं निघून गेली. ज्यांनी शेकडो वर्षं ‘ऐक’ म्हटलं त्यांना सगळ्यात मोठी हाक ती हीच वाटली असणार, घरी या. तिथे गेल्यावर मात्र 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या वंशाची तपासणी करायचं काढलं. त्यांना जेरुसलेममध्ये निदर्शनं करावी लागली, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं मान्य केलं. बायकांपुढे पुन्हा मासळी ठेवली गेली, यावेळी आपल्याच घरात. हे सगळं डोळ्यांपुढे ठेवलं की पासपोर्टची प्रार्थना देशप्रेमाची सोपी कविता राहत नाही. अख्खी जमात एका हाकेला ‘ओ’ देऊन निघून गेली, आणि हा देवालाच सांगतोय की मला जाता येणार नाही अशी व्यवस्था कर. ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या आत्मचरित्रात्मक कवितेत तो तेलबिया गाळणाऱ्या पूर्वजांची आठवण काढतो आणि शेवटी इथेच राहण्याच्या निश्चयापाशी येतो. तिथे निश्चय आहे. इथे धाकधूक आहे, आणि म्हणून मला ही छोटी कविता त्या मोठीपेक्षा जास्त खरी वाटते.

आता ‘नाइट ऑफ द स्कॉर्पिअन’. 1965च्या ‘द एक्झॅक्ट नेम’ संग्रहातली, बहुतेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेली. दहा तासांचा पाऊस, तांदळाच्या पोत्याखाली विंचू, आईला डंख, गावकऱ्यांची गर्दी, नास्तिक बाप, मांत्रिक, वीस तासांनी वेदना उतरते, आणि आई एकच वाक्य बोलते. प्रश्नोत्तरांत याचं सूत्र ठरलेलं : अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान, आणि मातृप्रेम. मराठवाड्यातल्या वाचकाला पावसाळ्यातला विंचू आणि तो उतरवणारा समजावून सांगावा लागत नाही, पण आपल्याजवळ आणखी एक गोष्ट आहे जी या प्रश्नोत्तरांत कधी येत नाही. पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड. तिथे विंचू चावतो तो खरा विंचू नसतो. तो काम-क्रोधाचा असतो, आणि उतारा सत्त्वगुणाचा. चावा हे रूपक होतं आणि रूपकातून उपदेश निघतो.

इझिकेलच्या कवितेतले गावकरी अगदी हेच करतात. विष चढत असताना ते तिच्याभोवती बसून अर्थ लावतात. मागच्या जन्मीचं पाप जळेल, पुढच्या जन्मीचा त्रास कमी होईल, वेदनेनं देह शुद्ध होईल. ते प्रेमानं बोलतायत हे कवी लपवत नाही. गावकऱ्यांना मूर्ख ठरवणारी कविता ही नव्हे, त्या बाबतीत प्रश्नोत्तरं साफ चुकतात. पण बाईच्या दुखण्याचं भारूड चाललंय, आणि बाई जमिनीवर तळमळतेय. बाप तरी काय करतो? चूर्ण, लेप, उतारे, बोटावर रॉकेल ओतून काडी लावणं, सगळं करून बघतो. तोही आवाजच करतोय, विज्ञानाच्या बाजूनं. अख्खी कविता आवाजानं भरलेली आहे, घोंघावणाऱ्या देवाच्या नावानं, मंत्रानं. वारा, भूकंप, आग. आणि मग सगळं थांबल्यावर आईचा तो बारीक आवाज. देवाचे आभार की विंचवानं मला निवडलं, पोरांना सोडलं, एवढाच त्याचा आशय.

इथे निवडणं हा शब्द आशयात परत आलाय, पण उलटा. त्या अहंकारी माणसानं नको म्हटलं होतं, दुसऱ्याला निवड. आई म्हणते बरं झालं मला निवडलं. ज्यू रिवाजात संकटातून वाचलेला माणूस चारचौघांत उभा राहून आभाराची एक ठरलेली प्रार्थना म्हणतो. आईचं वाक्य तिच्या अगदी जवळ जातं, फक्त स्वतः वाचल्याचे आभार तिनं मानलेले नाहीत. कवितेतलं घर ज्यू आहे असं कविता कुठेही सांगत नाही, आणि मी ते तिच्यावर लादत नाही. पण ‘ऐक’ या शब्दावर वाढलेल्या कवीनं रात्रभराच्या गलक्यानंतर एका बाईचं एकच वाक्य ऐकून गप्प व्हावं, पुढे एकही अर्थ लावू नये, हे त्याचं ऐकणं आहे. एकनाथांचा विंचू मोठा आहे. इझिकेलचा विंचू विंचूच राहतो, आणि बाईला बाई राहू देतो.

‘लॅटर-डे साम्स’बद्दल मला इतका उत्साह नाही. कल्पना जबरदस्त आहे : बायबलमधली निवडक स्तोत्रं घ्यायची आणि त्यांना एकेक उत्तर द्यायचं. पहिल्याच उत्तरात एक सुंदर वळण आहे. मूळ स्तोत्राचा धन्य पुरुष टिंगलखोरांच्या बैठकीत बसत नाही. इझिकेलचा धन्य पुरुष त्यांचं धीरानं ऐकून घेतो, ते असे का झाले ते समजून घेतो. परत ऐकणं. पण पुढे पुढे उत्तरं वादविवाद स्पर्धेतल्यासारखी होतात. मूळ स्तोत्रांत रडणं आहे, किंचाळणं आहे, शत्रूच्या दातांची भीती आहे, आणि उत्तर देणारा प्राध्यापक समंजस आहे. समंजस माणसाला हाक आली तरी तो आधी तिचं व्याकरण तपासतो. साहित्य अकादमीनं या पुस्तकाला पुरस्कार दिला, बरं झालं, पण मी कुणाला इझिकेल वाचायला द्यायचा झाला तर इथून देणार नाही.

एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ची (2006, साहित्य अकादमी 2010) अडचण वेगळी. कोकणातल्या दांड्याला एक म्हातारी बाई एकटी राहते, पोरं इस्रायलला, आणि ती एका ओस पडलेल्या सिनेगॉगची देखभाल करते. झाडते, पुसते, दिवा लावते. मग ती जागा विकायचा घाट घातला जातो आणि ती उभी राहते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पाककृती. कथानक पुढे फार गुळगुळीत होतं, योग्य वेळी योग्य वकील हजर होतो, आणि पाककृती कधीकधी कथेचं काम आयतं करून टाकतात. तरी एका गोष्टीसाठी हे पुस्तक इझिकेलच्या शेजारी ठेवावं. इझिकेलचा माणूस हाक आल्यावर बोलतो, खूप बोलतो. रेचल बोलत नाही, ती झाडू उचलते. प्रार्थनेला लागणारी दहा पुरुषांची संख्या त्या गावात कधीच भरणार नाही, तरी जागा स्वच्छ राहिली पाहिजे, हे तिला कुणीही सांगितलेलं नाही. मासे निवडणाऱ्या बायकांची ती वारस आहे. इझिकेलच्या कवितेत अशी बाई विंचवाच्या रात्री एकदाच येते, आणि एक वाक्य बोलून जाते.

राहिला अनुवादाचा प्रश्न. गेले काही महिने त्या अहंकारी प्रार्थना मराठीत आणता येतात का ते मी बघतोय, आणि पहिल्याच शब्दावर अडलोय. इझिकेल देवाला ‘लॉर्ड’ म्हणतो, मध्येच जुन्या बायबलच्या थाटातलं सर्वनाम वापरतो आणि लगेच ऑफिसातल्या भाषेवर येतो. कवितेचा सगळा खट्याळपणा त्या उडीत आहे. ‘हे परमेश्वरा’ लिहिलं तर ते मिशनरी मराठी होतं, रविवारच्या उपासनेतलं. ‘विठ्या’ची सलगी त्याला नाही, तो पंढरपूरला कधी गेलेला नाही. ‘प्रभू’त नाटकाचा वास येतो. ‘देवा’ सगळ्यात सोपं, पण मराठीत ‘देवा’ म्हटलं की वाक्य आपोआप विनवणीच्या चालीवर जातं, आणि या माणसाला विनवणी करायची नाहीये, त्याला रजेचा अर्ज द्यायचाय. बेने इस्रायल घरांतली म्हातारी माणसं वैतागून देवाला काय म्हणत असतील ते मला ऐकायचंय. तोवर मसुद्यात ती जागा मी रिकामी सोडली आहे, आणि वाक्य थेट ‘मला माझी कामं आहेत’पासून सुरू होतं.